मैदानात उतरलेले फादर

इटलीतल्या तुरीन शहरात १८४६ साली दोन वजनदार धर्मगुरू आपल्या एका तरुण सहकाऱ्याच्या भेटीला आले. बोलणं गोड, चेहरे काळजीचे. दारात बंद घोडागाडी उभी होती. जरा फिरून येऊ, तुलाही बरं वाटेल, असा आग्रह सुरू झाला. या तरुण फादरांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे अशी बोलवा शहरात उठली होती आणि गाडी थेट वेड्यांच्या इस्पितळात जाणार होती. फादरांनी डाव ओळखला. दोघा वडीलधाऱ्यांना त्यांनी मानाने आधी गाडीत बसवलं, बाहेरून दार लावलं आणि गाडीवानाला गाडी हाकायला सांगितली. आपण शहाणे आहोत हे इस्पितळातल्या लोकांना पटवता पटवता त्या दोघांच्या नाकी नऊ आले.

हे तरुण फादर म्हणजे जॉन बॉस्को. इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी ‘डॉन’ लावतात, म्हणून डॉन बॉस्को. माटुंग्यापासून पणजीपर्यंत शाळांच्या पाट्यांवर हे नाव दिसतं आणि त्यातल्या बऱ्याच शाळांत हिंदू, मुसलमान, जैन घरांतली मुलंही मोठ्या संख्येने शिकतात. पण पाटीवरच्या माणसाने नेमकं काय केलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वेडाचा संशय येण्याजोगं एवढंच होतं, की दर रविवारी शेकडो उनाड पोरं त्यांच्या मागे असत. आणि डोक्यावर धड छप्पर नसताना ते प्रशस्त इमारती, मैदानं, कारखाने यांच्या गोष्टी करत, जणू सगळं उभंच आहे! घोडागाडीचा किस्सा बॉस्को यांनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवलाय. या आठवणी त्यांनी पुढे सुमारे तीस वर्षांनी लिहिल्या आणि ते जातिवंत गोष्टीवेल्हाळ होते, तेव्हा थोडं मीठमसाल्याचं गृहीत धरायला हरकत नाही.

आज जगभरातल्या चर्चेसमध्ये युवकांसाठी स्वतंत्र काम चालतं. शिबिरं होतात, गिटार वाजते, एकाच रंगाचे टी-शर्ट छापले जातात आणि ‘तुमच्या आयुष्याचं ध्येय काय?’ यावर कुणीतरी पाहुणा तासभर बोलतो. तरीही तक्रार सगळीकडे एकच. दृढीकरण संस्कार झाला की मुलं चर्चकडे फिरकत नाहीत, आणि त्यांना धरून ठेवणारे कार्यकर्ते दोन-तीन वर्षांत थकून जातात. ध्यास कुठून आणायचा आणि आणला तर टिकवायचा कसा, हा या कामातला जुनाच पेच आहे. तुरीनची गोष्ट त्यासाठीच बघायची.

जॉन बॉस्को यांचा जन्म १८१५चा, बेक्की नावाच्या खेड्यातला. वडील गेले तेव्हा ते दोन वर्षांचेही नव्हते. आई मार्गारीटा शेतावर राबणारी, निरक्षर. जत्रेत डोंबाऱ्यांचे खेळ बघून पोरगा दोरीवर चालायला, हातावर चेंडू नाचवायला शिकला आणि गावातल्या पोरांना खेळ दाखवू लागला. तिकीट म्हणून आधी प्रार्थना म्हणायची! शिंपीकाम, सुतारकाम, मिठाईच्या दुकानातलं काम, असं मिळेल ते करत त्यांनी शिक्षण काढलं आणि जून १८४१मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

श्रीमंत घरी शिकवणी, खेड्यात फादर म्हणून नेमणूक, असे सोयीचे रस्ते समोर होते. त्यांचे मार्गदर्शक जोसेफ काफासो त्यांच्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठे. या काफासोंनी त्यांना पुढे काय व्हायचंय ते विचारलं नाही, तुरुंगात नेलं. तिथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट पोरं किडामुंगीसारखी कोंडलेली. बॉस्कोंना सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की सुटून गेलेलं पोर काही दिवसांनी पुन्हा तिथेच दिसायचं. बाहेर त्याची वाट बघणारं कुणी नसायचं. बाहेर एखादा दोस्त असता तर हा परत आला असता का, हा प्रश्न त्यांनी मनाशी धरला. पुढची सत्तेचाळीस वर्षं त्यांनी जे केलं, ते सगळं या एका प्रश्नाचं उत्तर होतं.

तुरीन तेव्हा झपाट्याने वाढत होतं. डोंगरातल्या खेड्यांतून पोरं हंगामी कामाला शहरात यायची: गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणारी, दगड फोडणारी, धुराडी साफ करणारी. त्यांचं धर्मग्राम (पॅरिश) गावाकडे राहिलेलं आणि शहरातल्या चर्चला ही आपली वाटत नव्हती.

८ डिसेंबर १८४१. मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमागच्या खोलीत बॉस्को मिस्साचे झगे चढवत होते. एक पोरगा आत येऊन कोपऱ्यात उभा राहिला. चर्चचा सेवक त्याला म्हणाला, मिस्साला सेवा कर. पोराला ते येत नव्हतं. सेवकाने झटकणीच्या दांड्याने त्याला बदडायला सुरुवात केली. बॉस्को ओरडले, हा माझा दोस्त आहे, त्याला परत बोलवा! दोस्ताचं नावही त्यांना माहीत नव्हतं. मिस्सानंतर त्यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. नाव बार्थोलोम्यू गारेल्ली, राहणार आस्ती, वय सोळा, आईवडील दोघंही वारलेले. वाचता येतं का? नाही. पहिला कम्युनियन? नाही. काय काय येत नाही याची यादी लांबत चालली, तेव्हा फादरांनी विचारलं, शिटी तरी वाजवता येते ना? पोरगा हसला. हा शिटीचा प्रश्न त्यांच्या चरित्रकारांनी पुढे नोंदवला आहे. त्या दिवशी त्यांनी त्याला क्रुसाची खूण करायला शिकवलं. पुढच्या रविवारी गारेल्ली आणखी काही पोरांना घेऊन आला.

आज युवकांसाठी कुणी ‘उपक्रम’ आखायला बसलं तर सुरुवात अभ्यासक्रमापासून होईल. इथे सुरुवात मार खाणाऱ्या पोराच्या बाजूने उभं राहण्यापासून झाली, आणि मग पोराला येतं असं काहीतरी शोधण्यापासून.

रविवारच्या या मेळाव्याला ‘ऑरेटरी’ म्हणत. नाव प्रार्थनागृहाचं, पण प्रार्थना, धर्मशिक्षण, खेळ, गाणी, सहली असा दिवसभराचा कार्यक्रम असे. बॉस्को झगा वर खोचून पोरांबरोबर धावत. जागा मात्र कुठेच टिकेना. गिरण्यांजवळ गेले, तर गोंगाटाच्या तक्रारी. दफनभूमीजवळच्या चर्चमध्ये गेले, तर तिथल्या फादरांच्या मोलकरणीनेच आकाशपाताळ एक केलं. एका शेतात जमले, तर पोरं गवत मुळासकट तुडवतात म्हणून शेतमालकाने हाकललं. शहराच्या बंदोबस्ताची जबाबदारी मार्क्विस कावूर यांच्याकडे होती. पुढे इटलीचे पहिले पंतप्रधान झालेल्या कामिल्लो कावूर यांचे हे वडील. एवढी कामकरी पोरं एका पाद्र्यामागे जमतात म्हणजे यात काहीतरी राजकारण असणार, असा त्यांचा संशय. रविवारी शिपाई पाळतीवर येऊन बसत.

अखेर १८४६च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक शेड भाड्याने मिळाली. छप्पर इतकं बुटकं, की आतली जमीन खणून खाली घ्यावी लागली. आर्चबिशप आले तेव्हा त्यांचा उंच मुकुट आढ्याला लागला आणि प्रवचन बोडक्या डोक्याने करावं लागलं. त्याच वर्षी मार्गारीटा आई गाव सोडून लेकाकडे राहायला आली.

रात्री निवारा नसलेल्या काही पोरांना गवताच्या माळ्यावर झोपू दिलं, तर सकाळी पोरंही गायब आणि पांघरुणंही! मे १८४७मध्ये भर पावसात पंधरा वर्षांचा एक अनाथ पोरगा दारात आला. आईने त्याला चुलीपाशी बसवून जेवू घातलं, विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरातच बिछाना केला, आणि झोपण्याआधी कष्ट, प्रामाणिकपणा, देव यांबद्दल आपल्या गावरान भाषेत दोन शब्द सांगितले. मग भांडी चोरीला जाऊ नयेत म्हणून स्वयंपाकघराला बाहेरून कुलूपही घातलं. माया आणि कुलूप दोन्ही. बॉस्कोंनी पुढे स्थापन केलेल्या सालेशियन संघाच्या वसतिगृहांत आजही रात्री मुलांशी दोन शब्द बोलण्याची प्रथा आहे. दिवसाच्या शाळांत तीच सकाळच्या चार शब्दांची होते. तिचं मूळ या म्हातारीत आहे. पोरांनी लढाईच्या खेळात तिचा भाजीचा वाफा तुडवून टाकला तेव्हा ती वैतागून गावाला परत निघाली होती, हेही सांगायला हवं. संतांच्या गोष्टींतून असले वैताग गाळले जातात आणि मग कार्यकर्त्यांना वाटतं, थकतो तो फक्त आपणच.

बॉस्कोंच्या कामाचा खरा कस मात्र कागदावर दिसतो. ८ फेब्रुवारी १८५२ या तारखेचा, सरकारी मुद्रांकाच्या कागदावर केलेला एक करार उपलब्ध आहे. एका बाजूला सुतार, दुसऱ्या बाजूला उमेदवारी करणारा पोरगा. सोबत त्याचा बाप आणि डॉन बॉस्को. मालकाने दोन वर्षांत पुरतं काम शिकवायचं. चुकलं तर शब्दांनी समजवायचं, हात उगारायचा नाही. धंद्याशी संबंध नसलेली कामं सांगायची नाहीत. रविवार आणि सण मोकळे. वर्षाला पंधरा दिवसांची रजा. मजुरी किती आणि ती कधी वाढणार, तेही लिहिलेलं. कामकरी पोरांना कायद्याचं फारसं संरक्षण नसलेल्या काळात एक पाद्री बांधकामांवर आणि दुकानांत हिंडून पोरांच्या वतीने असे कागद करत होता. ‘तरुणांवर प्रेम करा’ असं कुठल्याही व्यासपीठावरून म्हणता येतं. सुतारासमोर मुद्रांकाचा कागद ठेवायला वेगळी धमक लागते. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःचे चांभारकामाचे आणि शिवणाचे वर्ग काढले. मग पुस्तकबांधणी आणि छपाईही आली.

१८५४च्या उन्हाळ्यात तुरीनमध्ये कॉलऱ्याची साथ आली. घाबरून लोक घरच्या माणसांनाही टाकून पळत होते. बॉस्कोंनी पोरांना आजाऱ्यांची सेवा करायला कोण येतं असं विचारलं, आणि चाळीसच्या वर पोरं पुढे आली. आजाऱ्याला हात लावला की व्हिनेगरने हात धुवायचे, अशी ताकीद होती. चादरी, टॉवेल संपले तेव्हा मार्गारीटा आईने वेदीवरचं वस्त्रदेखील काढून दिलं. सेवा करणाऱ्या पोरांपैकी कुणालाही कॉलरा झाला नाही. भाविकांनी तो चमत्कार मानला. व्हिनेगरचाही वाटा असावा. पण ज्यांना शहराने उनाड म्हणून हाकललं, त्यांनाच बॉस्कोंनी शहराच्या मदतीला नेलं, हे जास्त महत्त्वाचं. करमणूक पुरवली तर तरुण येतात. त्यांच्यावाचून अडेल असं काम दिलं तर थांबतात.

थांबले ते कोण, हेही बघण्यासारखं आहे. १८ डिसेंबर १८५९ला बॉस्कोंच्या खोलीत सालेशियन संघाची स्थापना झाली, तेव्हा जमलेल्यांत बहुतेक त्यांच्याच ऑरेटरीत वाढलेली मुलं होती. मायकल रुआ हा त्यांतला एक. लहान असताना तो पहिल्यांदा त्यांच्याकडे आला होता आणि १८८८मध्ये बॉस्को वारल्यावर संघाची धुरा त्याच्याकडे गेली. दुसरा जॉन काल्येरो. तो १८७५मध्ये पहिल्या मिशनऱ्यांची तुकडी घेऊन अर्जेंटिनाला गेला आणि पुढे कार्डिनल झाला. मुलींसाठी असंच काम मोर्नेसे गावच्या मारिया मात्झारेल्लो यांनी उभं केलं. त्यांच्या सिस्टरांच्या संघाची सुरुवात १८७२ची.

तुरीन एकटं नव्हतं. कारखानदारीने घराबाहेर काढलेल्या तरुणांचा प्रश्न त्याच दशकात लंडनलाही पडला होता. ६ जून १८४४ला कापडाच्या पेढीत काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या जॉर्ज विल्यम्सने मित्र गोळा करून वायएमसीए सुरू केली. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल हे दोन्ही खेळ अमेरिकेतल्या वायएमसीएत जन्मले, म्हणजे मैदानाचं महत्त्व प्रोटेस्टंटांनाही कळलं होतं. बेल्जियमच्या जोसेफ कार्डाइन यांची गोष्ट जास्त बोचरी आहे. ते सेमिनरीत गेले आणि शाळासोबती कारखान्यांत. सुट्टीत गावी आल्यावर जुन्या मित्रांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. हा आता पाद्र्यांच्या, म्हणजे मालकांच्या गोटातला, असं त्यांना वाटलं. ती सल घेऊनच कार्डाइन यांनी तरुण कामगारांची चळवळ उभारली. १९२५मध्ये तिला रीतसर रूप आलं. आधी परिस्थिती बघा, मग पारखा, मग कृती करा, ही त्यांची पद्धत भारतातल्याही अनेक ख्रिस्ती युवक गटांत वापरली जाते.

पुन्हा तुरीनकडे यायचं ते पिएर जॉर्जो फ्रासातीसाठी. जन्म १९०१. वडील ‘ला स्टाम्पा’ या बड्या दैनिकाचे मालक, सेनेटर, पुढे जर्मनीतले राजदूत, आणि धर्माबाबत उदासीन. पोरगा खाणकामाचं इंजिनियरिंग शिकत होता, कारण त्याला खाणकामगारांत राहायचं होतं. मित्रांबरोबर डोंगर चढायचा, चिरूट ओढायचा, थट्टा करायचा, फॅसिस्टांशी दोन हात करायचा. खिशातले ट्रामचे पैसे गरिबाला देऊन हा पठ्ठ्या जेवणाची वेळ गाठायला घरी पळत यायचा. घरच्यांना वाटे, पोरगं वेंधळं आहे. जुलै १९२५मध्ये, चोविसाव्या वर्षी, पोलिओने तो गेला. मरणाच्या आदल्या दिवशी लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्याने एका गरीब रुग्णाच्या इंजेक्शनांसाठी चिठ्ठी लिहिली होती. अंत्ययात्रेला लोटलेली गोरगरिबांची गर्दी पाहून आपला मुलगा कोण होता हे आईवडिलांना कळलं. ७ सप्टेंबर २०२५ला पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. फ्रासातीला कुणी ‘युवा नेता’ नेमलं नव्हतं.

एवढं असूनही ध्यास विझतो. बॉस्कोंनी तो स्वतःच्या हयातीत विझताना पाहिला. मे १८८४मध्ये त्यांनी रोमहून आपल्या लोकांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात त्यांनी दोन मैदानांचं स्वप्न सांगितलं आहे. जुन्या मैदानावर फादर पोरांत मिसळून खेळताहेत. नव्या मैदानावर पोरं खांबांना टेकून कंटाळलीत आणि फादर आपापसांत गप्पा मारत फेऱ्या घालताहेत. सालेशियनांत कुणाचं पोरांवर प्रेम नव्हतं असं नाही, पण ते पोरांना जाणवत नव्हतं, हे त्यांचं दुखणं होतं. संस्था मोठी झाली होती, इमारती झाल्या होत्या, हिशेबाच्या वह्या वाढल्या होत्या. आजच्या कुठल्याही युवा केंद्राच्या संचालकाने हे पत्र वर्षातून एकदा वाचावं.

बॉस्कोंचं सगळंच आज जसंच्या तसं उचलता येणार नाही. मुलांना मरणाची आणि नरकाची आठवण ते ज्या सढळपणे देत, ती आजच्या पालकांना पटणार नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे, पाद्र्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याचा काळ राहिलेला नाही आणि त्याला ख्रिस्तसभाच जबाबदार आहे. आयर्लंडमध्ये धर्मसंघांनी चालवलेल्या शाळा-सुधारगृहांतल्या अत्याचारांचा अहवाल २००९मध्ये आला, ऑस्ट्रेलियातल्या चौकशी आयोगाचा २०१७मध्ये. दोन्हींतून वर्षानुवर्षांची झाकपाक उघड झाली. २०१९मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंना आणि धर्मसंघीयांना अशा प्रकारांची माहिती वरिष्ठांना देणं बंधनकारक केलं. भारतात २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे, मग आरोपीच्या अंगावर कुठलाही झगा असो. युवकांत काम करू पाहणाऱ्याला गिटार येत नसेल तर चालेल, हा नियम मात्र पाठ हवा.

सालेशियन भारतात १९०६मध्ये तंजावरला आले आणि १९२८मध्ये मुंबईत. पणजीत त्यांचं काम १९४६मध्ये सुरू झालं. आज जगात १३०हून जास्त देशांत सुमारे १४ हजार सालेशियन आहेत आणि त्यांची मोठी संख्या भारतात आहे. मुंबईत त्यांचं माटुंग्याचं चर्च प्रसिद्ध आहे. पण वडाळ्याला रस्त्यावरच्या, स्टेशनांवर राहणाऱ्या मुलांसाठी चालवलेला निवारा तुरीनच्या त्या शेडशी जास्त जवळचं नातं सांगतो. इमारत कितीही मोठी झाली तरी ‘बाहेर याची वाट बघणारं कुणी आहे का?’ हा तुरुंगातला प्रश्न फलाटावर आलेल्या पोराला जसाच्या तसा लागू पडतो. या मुलांत ख्रिस्ती किती, असं विचारणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की इटलीचे विख्यात कादंबरीकार उंबर्तो एको लहानपणी सालेशियन ऑरेटरीत जात आणि ट्रम्पेट वाजवायला तिथेच शिकले. पुढे त्यांनी श्रद्धा सोडली. ऑरेटरीबद्दल मात्र ते आदरानेच बोलत राहिले.

आपल्याकडच्या धर्मग्रामांत कार्यकर्ते कमी नाहीत, पैसाही तुलनेने बरा आहे. अडतं ते वेळेपाशी आणि जागेपाशी. मुलं अकरावी-बारावीच्या क्लासांत, नंतर परदेशाच्या अर्जांत गुंतलेली. आणि चर्चचं आवार लग्नाच्या स्वागत समारंभांना भाड्याने दिलेलं. तेव्हा धर्मग्राम मंडळांना एक सुचवावंसं वाटतं. पुढच्या शिबिरासाठी वक्ता ठरवण्याआधी महिनाभर रविवारी दुपारी चारनंतरची आवाराची बुकिंगं बंद ठेवा. फाटक सगळ्यांसाठी उघडा, एक चेंडू आणा आणि येणाऱ्या प्रत्येक पोराचं नाव लक्षात ठेवतील असे निदान चार मोठे लोक तिथे थांबवा. त्यात फादर हवेतच.